छोटं व्हिडिओ ईईजी: झटका अपस्माराचा की आणखी कशाचा, हे कसं ठरतं

‘ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लाटांचा आलेख) नॉर्मल’ असं लिहिलेला कागद हातात आणि घरी झटके चालूच, अशा अवस्थेत येऊन बसलेली कुटुंबं मी इतकी पाहिली आहेत की त्यांचा पहिला प्रश्न आता मला आधीच कळतो. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की ईईजी नॉर्मल, म्हणजे अपस्मार (मिरगी, फिट येण्याचा आजार) नाही. कुणी त्याच्याही पुढे जाऊन ‘ही मुद्दाम करते’ म्हणून मोकळं झालेलं असतं. कधी नेमकं उलटं असतं: ईईजीत कुठेतरी एक टोकदार लाट दिसली, गोळ्या सुरू झाल्या, एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या, तरी झटके होते तितकेच आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. झटका चालू असताना मेंदूत काय चाललं होतं, ते कुणी पाहिलेलंच नसतं.

साधं ईईजी २० ते ३० मिनिटांचं. तेवढ्या वेळात मेंदू शांत राहिला, तर कागदावर काही उमटत नाही. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या पहिल्या ईईजीत काही सापडत नाही. उलट, कधीच फिट न आलेल्या मोजक्या निरोगी माणसांतही अपस्मारासारख्या लाटा दिसतात. मोठ्यांमध्ये हे फार क्वचित, लहान मुलांमध्ये थोडं जास्त. म्हणून नुसत्या आलेखावरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरवायला गेलं की दोन्हीकडून फसायला होतं.

व्हिडिओ ईईजीत कॅमेरा आणि मेंदूचा आलेख एकाच घड्याळावर चालतात. हात उडाला तो सेकंद आणि त्याच सेकंदाची लाट शेजारी शेजारी पाहता येते. ही तपासणी दाखल करून २४ तासांपासून कित्येक दिवसही चालते. पण एक ते सहा तासांचं छोटं रेकॉर्डिंग, तेही दाखल न होता, योग्य माणसात पुरेसं ठरतं. मी ईईजीच्या खोलीत काम करतो. हे छोटं रेकॉर्डिंग नीट कसं करायचं आणि त्यातून काय काढायचं, ते मी रुग्णांना, नातेवाइकांना आणि नव्याने या कामात आलेल्यांना समजावतो, तसंच इथे लिहितो.

आधी ठरवा: छोटं रेकॉर्डिंग कुणाला उपयोगी

झटके रोज किंवा आठवड्यातून काही वेळा येत असतील, तर काही तासांत एखादा सापडण्याची आशा धरता येते. ठरावीक कारणाने येत असतील (जोरात श्वास घेतल्यावर, झोपेतून उठताना, दवाखान्यात तपासणी चालू असताना), तर आणखी चांगलं. पूर्वी दवाखान्यातच झटका आला असेल तर ते आवर्जून सांगा. पुष्कळ जण संकोचाने सांगत नाहीत, पण आमच्यासाठी ती फार मोलाची माहिती असते.

लहान मुलांमध्ये तर छोटं रेकॉर्डिंग फारच कामाला येतं. वर्गात एकटक बघत राहणारं मूल, झोपेत हातपाय उडणारं बाळ, जाग आल्यावर लागोपाठ वाकणारं तान्हं: हे प्रकार दिवसातून अनेकदा होतात, त्यामुळे दोन-तीन तासांत दिसतात. बाळ जागं होताना झुबक्याने येणारे वाकण्याचे झटके असतील तर मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणू नका. ते इन्फंटाइल स्पॅझम (तान्ह्या बाळांमधला गंभीर अपस्मार) असू शकतात आणि त्यात उशीर झाला तर बाळाच्या वाढीची किंमत मोजावी लागते.

सहा महिन्यांतून एकदा येणारा झटका तीन तासांत पकडायचा म्हटलं तर हाती काही लागण्याची शक्यता कमी. अशा वेळी झोप मिळवून झटक्यांमधल्या काळातल्या लाटा शोधता येतात, एवढाच हेतू ठेवावा. शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर छोट्या रेकॉर्डिंगने भागत नाही.

घरचं काम: झटक्याची नोंद आणि मोबाइलमधला व्हिडिओ

तपासणीच्या आधीचं हे काम माझ्या मते निम्मं निदान करतं.

पहिला प्रश्न: झटके किती प्रकारचे आहेत? ‘झटका येतो’ या एका वाक्यात कधी दोन वेगळे आजार दडलेले असतात. प्रत्येक प्रकाराला घरच्याच शब्दांत नाव द्या (‘उभ्या उभ्या थरथरते तो’, ‘पहाटेचा’, ‘नुसतीच हरवते तो’) आणि प्रत्येकासमोर लिहा: कधी येतो, किती वेळ चालतो, सुरुवात कशी होते, डोळे उघडे की मिटलेले, नंतर किती वेळाने नीट बोलता येतं. वेळ घड्याळ पाहून मोजा. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिट पंधरा मिनिटांसारखं वाटतं, आणि तो सांगतोही तसंच.

व्हिडिओ काढताना आधी रुग्णाला सुरक्षित करा, कुशीवर वळवा, मग फोन हातात घ्या. पूर्ण शरीर दिसू द्या, मधेच चेहऱ्याजवळ जा, नाव घेऊन हाक मारा आणि ती हाक रेकॉर्ड होऊ द्या. झटका थांबला की व्हिडिओ बंद करू नका. त्यानंतरची दोन मिनिटं डॉक्टरांना झटक्याइतकीच हवी असतात. सुरुवात हुकली तरी हरकत नाही, तसं सांगा म्हणजे झालं. आणि हात-पाय हलायचे पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर व्हिडिओ सोडून तातडीची मदत बोलवा.

तपासणीच्या दिवशी

केस आदल्या दिवशी शाम्पूने धुवा. तेल, जेल, कंडिशनर काही नको. तेलकट टाळूवर लीड (डोक्याला चिकटवायची तार) धरत नाही आणि आलेखात खरखर येते. पुढून बटणं असलेला सैल कपडा घाला. जेवून या, उपाशी येऊ नका.

झोपेबाबत केंद्राने सांगितलेलंच पाळा. मोठ्या माणसाला बहुधा रात्री चार तासच झोपायला सांगतात, म्हणजे खोलीत झोप लागते. अपुऱ्या झोपेने अपस्माराच्या लाटा आणि फिट दोन्ही वर येऊ शकतात, म्हणून त्या दिवशी एकट्याने येऊ नका आणि वाहन चालवू नका.

गोळ्या चालू ठेवा. हे मी तीनदा सांगतो. तपासणी आहे म्हणून घरीच गोळ्या बंद करून आलेल्या माणसाला वाटेत मोठी फिट आली, तर ती थांबवायला तिथे कुणी नसतं. गोळ्या कमी करून झटका आणायचा तो दाखल करून, देखरेखीखाली.

सोबत असा माणूस आणा ज्याने झटका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. घरातला मोठा, शिकलेला किंवा कागदपत्रं सांभाळणारा माणूस नव्हे; पाहिलेला माणूस. त्याचं काम काय, ते पुढे येईलच.

खोलीत: लीड, कॅमेरा, प्रकाश

नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फितीने मोजून, त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करून लीड लावतात. मोठ्या माणसाला टाळूवर १९ आणि त्याशिवाय संदर्भाच्या एक-दोन. विजेचा झटका वगैरे काही बसत नाही. यंत्र फक्त ऐकतं, आत काही सोडत नाही. मुलांना मी एक लीड आधी त्यांच्याच हातावर लावू देतो, मग ती डोकं पुढे करतात.

नव्या टेक्निशियनसाठी: प्रत्येक लीडचा अडथळा ५ किलोओहमच्या खाली आणा आणि तासाभराने पुन्हा तपासा. ईसीजीची लीड कधीही गाळू नका. झटका म्हणून पाठवलेल्या माणसाचं हृदय काही सेकंद थांबल्याने शुद्ध हरपत असेल, तर ते फक्त त्या एका ओळीत दिसतं. अशा वेळी ईईजीत आधी लाटा मंद होतात, मग आलेख सपाट होतो आणि रक्तपुरवठा परतला की पुन्हा मंद लाटा येत पूर्ववत होतो. लाटा मंद असतानाच्या काळात हातपाय झटकतात, म्हणून बघणाऱ्याला ती फिट वाटते. अशा रुग्णाला अपस्माराच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही, त्याला हृदयाच्या डॉक्टरांची गरज असते. हात थरथरत असतील तर दोन्ही दंडांवर स्नायूंच्या लीडही लावाव्यात.

कॅमेऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत शरीर दिसलं पाहिजे आणि चेहरा ओळखू आला पाहिजे. पांघरूण छातीच्या वर नको, आणि झटका आला की ते पूर्ण बाजूला. रेकॉर्डिंग सुरू करताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून लीडवर बोट टेकवा. आवाज, चित्र आणि आलेखातला धक्का एकाच क्षणी दिसतात की नाही ते कळतं. अर्ध्या सेकंदाचा फरकही नंतर वाचणाऱ्याला चकवतो.

खाटेला कठडे, हाताशी ऑक्सिजन, सक्शन (तोंडातली लाळ ओढून काढणारं यंत्र) आणि फिट थांबवण्याचं औषध हवंच. व्हिडिओ काढण्याची लेखी संमती आधी घ्यायची, आणि तो कोण कोण पाहणार तेही सांगायचं.

झटका यावा म्हणून काय करतात

सुरुवातीला काही वेळ नुसतं शांत रेकॉर्डिंग: डोळे उघडा, मिटा, गप्पा मारा. मग तीन मिनिटं खोल, जोरात श्वास. लहान मुलांना भिंगरी फुंकायला देतात. ज्या मुलांना बालवयातल्या ॲबसेन्स फिट येतात आणि अजून औषध सुरू झालेलं नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांत या तीन मिनिटांत मूल मधेच फुंकायचं थांबतं, नजर स्थिर होते आणि आलेखात सेकंदाला तीन या गतीने टोकदार लाटांची रांग उभी राहते. दहा-पंधरा सेकंदांत मूल पुन्हा फुंकू लागतं, जणू काही झालंच नाही. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, मेंदूत रक्तस्राव झाला असेल, सिकलसेल, मोयामोया (मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार) किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असेल, तर हा श्वासाचा भाग करत नाहीत. तुम्हाला असं काही असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा.

त्यानंतर चमकणारा दिवा, सेकंदाला एकापासून वाढत जाणाऱ्या वेगाने. प्रकाशाने फिट येणाऱ्यांमध्ये १५ ते २० च्या आसपासचा वेग सर्वांत त्रासदायक. आलेखात तशी प्रतिक्रिया दिसली की टेक्निशियनने दिवा लगेच बंद करायचा. फिट पूर्ण होऊ देण्याची गरज नसते. मग झोप, आणि झोपेतून जाग. या दोन काठांवर पुष्कळ काही सापडतं.

आता थोडा नाजूक भाग. अपस्मारेतर झटके (फिटसारखे दिसणारे, पण अपस्मारामुळे न येणारे) असण्याची शंका असेल तर सूचना देऊन नेहमीचा झटका आणता येतो. माझ्या तोंडचं वाक्य असं असतं: ‘काही जणांना या श्वासाने आणि दिव्याने त्यांचा नेहमीचा झटका येतो. तुम्हाला आला तर घाबरू नका, आम्ही इथेच आहोत, आणि तो दिसला तर तुमचं औषध नीट ठरवता येईल.’ यातला शब्द न् शब्द खरा आहे. ग्लासगोमध्ये ३० रुग्णांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी साधी सूचना दिलेल्या १५ जणांपैकी १० जणांना नेहमीचा झटका रेकॉर्डिंगमध्ये आला. सूचना न दिलेल्या १५ पैकी ५ जणांना. छोट्या रेकॉर्डिंगची सारी ताकद या फरकात आहे.

काही ठिकाणी सलाइनचं पाणी टोचून ‘या औषधाने झटका येईल’ असं सांगायची पद्धत होती. मी तिच्या ठाम विरोधात आहे. खोटं बोलून मिळवलेलं निदान त्याच रुग्णाला समजावून सांगायचं असतं, आणि त्या क्षणी त्याला कळतं की आपल्याला फसवलं. पुढचा सगळा उपचार विश्वासावर चालणार असतो. श्वास आणि दिवा यांनी तेच काम होतं, मग लबाडी कशाला?

झटका आला: आता खोलीत काय करायचं

रेकॉर्डिंग कितीही स्वच्छ असलं तरी झटक्याच्या वेळी कुणी बोललं नाही, हात लावून पाहिलं नाही, तर निम्मी माहिती वाया जाते. नवीन टेक्निशियन इथे हमखास चुकतात: रेकॉर्डिंगमध्ये झटक्याची खूण करणारं बटण दाबतात आणि बाजूला उभे राहून बघत बसतात.

बटण दाबा, वेळ मोठ्याने सांगा, पांघरूण काढा, कॅमेऱ्याच्या आड येऊ नका. दिसतंय ते बोला: ‘डोळे मिटलेले, मान दोन्हीकडे हलते, उजवा हात थरथरतो.’ नावाने हाक मारा. ‘डावा हात वर करा’ सांगा. दोन शब्द द्या, उदाहरणार्थ ‘लाल छत्री’, आणि लक्षात ठेवायला सांगा. पापणी हळूच उघडून बघा: सहज उघडते, की घट्ट मिटून घेते? थांबल्यावर लगेच विचारा: नाव काय, कुठे आहात, समोरच्या वस्तूला काय म्हणतात, दोन्ही हात सारखे वर येतात का. आणि शेवटी: मी कोणते दोन शब्द सांगितले होते? ज्याने झटकाभर प्रतिसाद दिला नाही त्याने ‘लाल छत्री’ म्हटलं, तर ते फार बोलकं असतं.

चिमटे काढणं, छाती दाबणं, हात चेहऱ्यावर सोडून बघणं, यातलं काही करू नका. आलेख शेजारी चालू असताना त्याची गरज नसते, आणि रुग्णाला ते सारं आठवत असतं. ‘तुम्ही मला चिमटा काढला होता’ हे वाक्य मी ऐकलं आहे. ते विसरता येत नाही.

तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, हे इथेही लागू.

झटका ओसरला, रुग्ण सावरला, की सोबत आलेल्या माणसाला तो व्हिडिओ दाखवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: घरी येतो तो हाच का?

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते मला एका आईने शिकवलं. कॉलेजात जाणारी मुलगी, तीन गोळ्या चालू. दिव्याच्या वेळी झटका आला. डोळे घट्ट मिटलेले, मान या बाजूला त्या बाजूला, हात थरथरतात, मधे थांबतात, पुन्हा सुरू होतात, असं चार मिनिटं. मागच्या लीडवर आलेख अगदी जाग्या माणसाचा. उत्तर मिळालं असं सगळ्यांना वाटलं. आईला व्हिडिओ दाखवला. तिने पूर्ण पाहिला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ‘हो, हा कॉलेजात येतो तो. पण झोपेतला असा नसतो. तो अर्ध्या मिनिटात संपतो आणि ती सायकल चालवल्यासारखे पाय मारते.’ त्या एका वाक्यावर मुलीला पुढे दीर्घ रेकॉर्डिंगसाठी दाखल केलं. झोपेतले झटके अपस्माराचेच निघाले. आईला विचारलं नसतं तर तिच्या गोळ्या बंद झाल्या असत्या.

दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. अपस्मारेतर झटके असलेल्यांमध्ये साधारण दहात एकाला अपस्मारही असतो, काही अभ्यासांत याहून जास्त.

आलेख वाचताना

जाग्या माणसाने डोळे मिटले की मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ या गतीचा अल्फा ताल उमटतो. माणूस डोळे मिटून पडला आहे, हाकेला ओ देत नाही, आणि तरी हा ताल झटक्याआधी, झटक्यात आणि नंतर तसाच चालू आहे, तर मेंदू जागा आहे. अपस्माराने शुद्ध हरपली असती तर तो ताल असा टिकला नसता.

अपस्माराची फिट आलेखात उलगडत जाते. एका जागी बारीक, वेगवान लाटा सुरू होतात, मोठ्या होतात, पसरतात, मंद होतात, थांबतात. मागे सुस्त लाटा ठेवून जातात. उशीवर मान घासल्याने उमटणाऱ्या लाटाही तालबद्ध दिसतात, पण त्यांची गती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहते आणि हालचाल थांबली की त्या कापल्यासारख्या संपतात. स्नायूंच्या गोंगाटाने सगळं झाकलं गेलं असेल तर गोंगाटाच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंद डोळ्यात तेल घालून बघायचे.

शरीराच्या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या. अपस्मारेतर झटक्यात डोळे बहुतेक वेळा मिटलेले असतात, झटका दोन मिनिटांहून लांबतो, मधे ओसरून पुन्हा वाढतो, हातापायांचा मेळ बसत नाही, मधे रडू येतं. मोठ्या अपस्माराच्या फिटमध्ये डोळे उघडे, शेवटाकडे झटक्यांमधलं अंतर वाढत जातं, नंतर घोरल्यासारखा जड श्वास, जिभेच्या कडेला चावा. यातली कुठलीही एक खूण धरून निकाल देऊ नये. लघवी होणं किंवा जखम होणं हे दोन्हींत होतं. झोपेतून येणारा झटका बहुतांशी अपस्माराचा, पण आधी आलेख बघून खात्री करा: काहींना ‘झोपेत’ येणारा झटका प्रत्यक्षात जाग आल्यानंतर काही सेकंदांनी सुरू होतो, आणि ते फक्त ईईजीच सांगतं.

आता सर्वांत मोठी खबरदारी. झटका चालू आणि टाळूवरचा आलेख स्वच्छ, म्हणजे तो अपस्मारेतरच, असं नेहमीच नसतं. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण १० चौरस सेंटिमीटर भाग एकत्र पेटला तरच टाळूवर काही दिसतं. शुद्धीत राहून येणाऱ्या छोट्या फिट (पोटातून वर येणारी लाट, एका हाताला मुंग्या, क्षणभराची भीती) बहुतेक वेळा टाळूच्या ईईजीत दिसत नाहीत. पुढच्या भागातून, म्हणजे फ्रंटल लोबमधून येणाऱ्या फिट विचित्र दिसतात: पाय मारणं, ओरडणं, कंबर हलवणं. पूर्वी यांना सर्रास ‘मानसिक’ म्हटलं जाई. त्या छोट्या असतात, बहुधा झोपेतून येतात आणि दर वेळी हुबेहूब सारख्या दिसतात. असे दोन-तीन झटके एकावर एक ठेवून पाहिले की ओळखू येतात.

उलट बाजूची चूकही तेवढीच घात करते. झोपाळू अवस्थेत काही माणसांत टोकदार पण निरुपद्रवी लाटा येतात, त्यातल्या एका प्रकाराला ‘विकेट’ म्हणतात. त्यांना अपस्माराच्या समजून वर्षानुवर्षं औषध घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. अपस्मारेतर झटक्यांचं खरं निदान व्हायला काही अभ्यासांत सरासरी ७ वर्षांच्या आसपास लागल्याचं दिसलं आहे, आणि त्या वर्षांत अशा रिपोर्टांचा मोठा वाटा असतो.

हाती आलेल्या निकालाचा अर्थ

नेहमीचा झटका आला, घरच्याने ओळखला, आलेखात आधी-मधे-नंतर अपस्माराचं काही नाही, आणि झटक्याचं रूपही तसंच: हे अपस्मारेतर झटक्याचं सर्वांत पक्कं निदान. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारावरच्या जागतिक तज्ज्ञसंघटनेच्या कार्यगटाने २०१३ मध्ये खात्रीच्या चार पायऱ्या सांगितल्या. व्हिडिओ ईईजीवर पकडलेला नेहमीचा झटका ही त्यातली सर्वांत वरची. नुसती साक्षीदाराची हकिगत आणि नॉर्मल ईईजी ही सर्वांत खालची, फक्त ‘शक्यता’.

फिट आलेखात उमटली तर अपस्मार ठरतो, शिवाय कुठून सुरू झाली ते कळल्याने औषध निवडता येतं. झटका आला नाही पण अपस्माराच्या लाटा दिसल्या, तर अपस्माराला पुष्टी मिळते. येणारे सगळेच झटके अपस्माराचे आहेत हे मात्र त्यावरून ठरत नाही. झटका आला पण घरचे म्हणाले ‘हा तो नव्हे’, तर त्यावर निदान उभारू नये.

काहीच आलं नाही, तर काहीच ठरलं नाही. ‘व्हिडिओ ईईजी नॉर्मल’ हे वाक्य घेऊन घरी जाऊ नका. पुढे काय ते विचारा: पुन्हा छोटं रेकॉर्डिंग, की दाखल होऊन मोठं?

झटक्यानंतर १० ते २० मिनिटांत रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासून, झटका नसतानाच्या पातळीशी ताडून बघतात. मोठ्या माणसात ते दुपटीने वाढलेलं असेल तर अपस्माराकडे बोट जातं, पण भोवळ येऊन पडण्यातही वाढतं, म्हणून ते जोडीला ठेवावं.

निदान सांगताना आणि ऐकताना

अपस्मारेतर झटके खोटे नसतात. ताण, भीती, जुना आघात किंवा शरीराने लावून घेतलेली एक सवय यांमुळे मेंदूचा शरीरावरचा ताबा काही वेळ सुटतो. माणूस ते ठरवून करत नाही. प्रत्येकाच्या मागे मोठा आघात असतोच असंही नाही, त्यामुळे तो खोदून काढायची घाई नको. ‘तुम्हाला काहीच झालेलं नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य रुग्णाला ‘तुम्ही ढोंगी आहात’ असंच ऐकू येतं. त्याऐवजी व्हिडिओ रुग्णाबरोबर बसून बघावा (त्याची तयारी असेल तर), झटक्याला नाव द्यावं, तो अनेकांना होतो हे सांगावं, आणि ‘अपस्माराच्या गोळ्या यावर चालत नाहीत, म्हणून त्या लागू पडल्या नाहीत’ हे समजावावं. काही जणांचे झटके एवढ्यानेच कमी होतात.

पुढचा उपचार म्हणजे प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबरची थेरपी, आणि सोबत न्यूरोलॉजिस्टने हात न सोडणं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ३६८ रुग्णांवरच्या २०२० च्या मोठ्या चाचणीत संज्ञानात्मक वर्तन उपचाराने (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) झटक्यांची संख्या वर्षभराने नेहमीच्या वैद्यकीय उपचारापेक्षा स्पष्टपणे कमी झाली नाही, पण झटक्यांचा त्रास, रोजचं जगणं आणि मनाची अवस्था यांत सुधारणा दिसली. म्हणून झटके मोजत बसण्यापेक्षा कामावर परत गेलात का, एकटं बाहेर पडता का, हे बघा.

गोळ्या स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. अपस्मार नाही हे पक्कं झालं तरी डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात, कारण काही औषधं एकदम सोडली तर न येणारी फिट येते. तोवर वाहन, पोहणं, उंचावरचं काम याबद्दल त्यांना विचारूनच ठरवा.

निघताना तीन गोष्टी मागून घ्या: लेखी रिपोर्ट, झटक्याच्या व्हिडिओसकट रेकॉर्डिंगची प्रत, आणि तातडीच्या विभागासाठी डॉक्टरांच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र. लांबलेला अपस्मारेतर झटका पाहून अनोळखी डॉक्टर तो न थांबणारा अपस्मार समजतात, झोपेची औषधं टोचत जातात आणि श्वासनलिकेत नळी घालण्यापर्यंत वेळ येते. पत्रात लिहून घ्या की अमुक तारखेला व्हिडिओ ईईजीवर झटका पकडला, तो असा दिसतो, असाच असेल तर शांत ठेवून वाट बघा. वेगळा दिसला, शरीर निळं पडलं किंवा ऑक्सिजन उतरला तर नेहमीप्रमाणे उपचार करा. एक प्रत पाकिटात ठेवा, आणि दुसरी त्या माणसाकडे द्या ज्याने व्हिडिओ बघून ‘हाच तो’ म्हटलं होतं.